एका नगराचा टेलिफोन

विलायतेची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तेथील रस्त्याच्या कडेला उभा असणारा तांबडा टेलिफोन बूथ परिचयाचा असतो. तीन बाजूंना काचेची लहान लहान तावदाने, वर किंचित घुमटाकार छत आणि छताखाली उठावाचा राजमुकुट, असे त्याचे स्वरूप. पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव १९३५ साली झाला. त्या निमित्ताने सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या वास्तुशिल्पज्ञाने हा नमुना सिद्ध केला आणि पुढे तो इंग्लंड देशाची एक खूणच होऊन बसला. परंतु यॉर्कशायरच्या पूर्व टोकाला, हंबरच्या खाडीवर वसलेल्या हल या बंदरात जाणारा प्रवासी हा बूथ पाहून क्षणभर थबकतो. बूथ तोच, तावदाने तीच. रंग मात्र दुधावरच्या सायीचा, आणि छताखाली मुकुटाची जागा रिकामी!

रंगातील हा फरक कोणा चित्रकाराच्या हौसेतून झालेला नाही. तांबडा रंग आणि मुकुट ही ब्रिटिश टपाल खात्याची, म्हणजेच सरकारची, निशाणी होती. हलचा टेलिफोन सरकारचा नव्हता. तो त्या नगराच्या महापालिकेचा होता. साऱ्या ब्रिटनमध्ये टेलिफोन एका केंद्रीय खात्याच्या हाती गेल्यानंतरही हे एकच नगर आपल्या तारा आपल्या हाती ठेवून राहिले, आणि १९०४ पासून १९९९ पर्यंत, तब्बल पंच्याण्णव वर्षे, त्या तारांची संपूर्ण मालकी नगराकडेच राहिली. पुढे त्याच तारांवरून इंटरनेट आले, तारांच्या जागी काचेचे तंतू आले, आणि मालकही बदलले. एखाद्या लोकोपयोगी सेवेची मालकी कोणाकडे असावी, हा प्रश्न वादविवादाच्या व्यासपीठावर नेहमीच रंगतो. हलमध्ये त्याची प्रत्यक्ष कसोटी एका शतकाहून अधिक काळ चालली आहे.

या कथेचा आरंभ न्यायालयात होतो. ग्रॅहॅम बेलने टेलिफोनचे पेटंट १८७६ मध्ये मिळविले आणि चार वर्षांच्या आत लंडनमध्ये खाजगी कंपन्यांचा व्यवसाय सुरू झाला. तारायंत्राचा मक्ता त्या वेळी टपाल खात्याकडे होता. टेलिफोन हा तारायंत्राचाच एक प्रकार आहे की निराळीच वस्तू आहे, असा वाद उपस्थित झाला, आणि डिसेंबर १८८० मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, कायद्याच्या दृष्टीने टेलिफोन म्हणजे तारायंत्रच होय. बोललेला शब्द आणि तारेची कडकट्ट यांत कायद्याला भेद दिसला नाही. या एका निर्णयाने टपाल खाते टेलिफोनचेही धनी झाले. तथापि नव्या धंद्यात स्वतः पैसा घालण्याची खात्याची तयारी नव्हती. त्याने कंपन्यांना परवाने दिले आणि त्यांच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा घेण्याचे ठरविले. मारून मुटकून हकीम बनविलेल्या वैद्याने रोग्याकडे न फिरकता केवळ फी घ्यावी, तसलाच हा प्रकार होता.

लहान लहान कंपन्या गिळीत नॅशनल टेलिफोन कंपनी लवकरच देशभर पसरली. तिचे दर भारी, सेवा बेभरवशाची, अशी तक्रार सर्वत्र होऊ लागली. नगरांच्या दृष्टीने आणखी एक सल होता. कंपनीला रस्ते खणावयाचे, खांब रोवावयाचे, घरांच्या छपरांवरून तारा न्यावयाच्या, आणि रस्ता दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी नगराची! शेवटी पार्लमेंटने १८९९ मध्ये एक कायदा करून महापालिकांना आपापल्या हद्दीत टेलिफोन चालविण्याची मुभा दिली. खाजगी मक्तेदारीला शह देण्यासाठी स्थानिक लोकसत्ता उभी करावयाची, अशी त्यामागील कल्पना होती.

आपल्याकडील वाचकांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. मुंबई महापालिकेने ऑगस्ट १९४७ मध्ये वीज व ट्रामगाड्यांची खाजगी कंपनी विकत घेतली आणि ‘बेस्ट’ हे नाव घरोघर पोहोचले. टेलिफोनच्या बाबतीत मात्र मुंबईत तसे घडले नाही. तेथील टेलिफोन १८८२ पासून खाजगी कंपनीकडे होता. तो १९४३ मध्ये घेतला हिंदुस्थान सरकारने. नगराच्या हाती तो कधी आलाच नाही.

हल हे धनिकांचे शहर नव्हे. पहिल्या एडवर्ड राजाने १२९९ मध्ये त्याला सनद दिली, म्हणून त्याचे पूर्ण नाव किंग्स्टन अपॉन हल, म्हणजे हल नदीवरील राजाचे नगर. देवमाशांची शिकार, नंतर उत्तर समुद्रातील मासेमारी, धान्य, तेलबिया आणि इमारती लाकूड यांचा व्यापार, यांवर ते जगत आले. राजधानीपासून दूर, कोणत्याही मोठ्या मार्गाच्या शेवटी, खाडीच्या कडेला असलेल्या अशा नगरांच्या ठिकाणी एक प्रकारचा स्वावलंबी हटवादीपणा असतो. तो हलमध्ये भरपूर होता. वीज आणि ट्रामगाड्या तेथील महापालिका आधीच चालवीत होती. तिने टेलिफोनसाठी अर्ज केला आणि ऑगस्ट १९०२ मध्ये तिला परवाना मिळाला. ट्रिपेट स्ट्रीटवरील जुन्या सार्वजनिक स्नानगृहाची इमारत रिकामी होती; तेथे २८ नोव्हेंबर १९०४ रोजी महापालिकेचे पहिले टेलिफोन केंद्र सुरू झाले. जेथे गोदीवरचे कामगार आठवड्याची घाण धुवावयास येत, तेथे आता नगराचे संभाषण वाहू लागले.

देशात परवाने घेतलेल्या नगरांपैकी प्रत्यक्ष टेलिफोन चालविणारी नगरे सहाच निघाली: ग्लासगो, टनब्रिज वेल्स, पोर्ट्समथ, ब्रायटन, स्वान्सी आणि हल. त्यांपैकी पाचांची कहाणी थोडक्यात सांगता येईल, कारण ती थोडक्यातच आटोपली. टनब्रिज वेल्सने वर्ष-दोन वर्षांतच आपला कारभार नॅशनल कंपनीच्या पदरात टाकला. ग्लासगो आणि ब्रायटन यांनी १९०६ मध्ये टपाल खात्याला विक्री केली. स्वान्सीने १९०७ मध्ये कंपनीशी सौदा केला. पोर्ट्समथ १९१३ पर्यंत तगले.

त्यांच्या हार खाण्याला कारणे होती. टेलिफोनची किंमत यंत्रात नसते. दुसऱ्या टोकाला कोण आहे यात असते. एकाच गावात दोन निराळी जाळी असली की प्रत्येक जाळे अपुरे ठरते. शिवाय गावाबाहेरच्या लांब पल्ल्याच्या तारा १८९६ पासून टपाल खात्याच्या ताब्यात होत्या, तेव्हा नगराचा टेलिफोन वेशीपाशी सरकारच्या दारात उभा राही. यंत्रसामग्री झपाट्याने जुनी होई. आज बसविलेले फलक दहा वर्षांत कालबाह्य ठरत. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे भविष्याची अनिश्चिती. नॅशनल कंपनीचा परवाना १९११ अखेर संपताच तिचा सारा व्यवहार आपण घ्यावयाचा, असे टपाल खात्याने १९०५ मध्येच तिच्याशी ठरविले होते. १ जानेवारी १९१२ रोजी ते घडलेही. ज्या खाजगी मक्तेदारीशी झगडण्यासाठी नगरांना रणात उतरविले, तिच्या जागी सरकारी मक्तेदारी आली, आणि नगरांची कोणाला गरज उरली नाही.

हलचा परवाना १९१४ मध्ये संपत होता. नूतनीकरणास टपाल खात्याची ना नव्हती, परंतु अट कठीण होती: नॅशनल कंपनीचे हलमधील जे जाळे आता खात्याकडे आले आहे, ते महापालिकेने विकत घ्यावे. किंमत १,९२,४२३ पौंड. शेजारच्या नगरांनी एकामागून एक माघार घेतलेली. सरकार आज ना उद्या सर्वच ताब्यात घेणार, असा रंग दिसत असलेला. अशा वेळी मासे आणि लाकूड यांवर जगणाऱ्या नगराने एवढी रक्कम टेलिफोनवर लावावी काय? विकून मोकळे होण्याचा सल्ला व्यवहारी मनुष्याने दिला असता, आणि त्याला कोणी वेडा म्हटले नसते. महापालिकेने खरेदीच्या बाजूने मत दिले. पुढचे सर्व काही या एका मतदानाचे फळ आहे. या व्यवहाराने आणखी एक गोष्ट साधली, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. नगरातील दोन जाळी एक झाली. म्हणजे हलमध्येही मक्तेदारीच आली. परंतु तिचा धनी दर काही वर्षांनी मतदारांच्या दारात येणारा होता.

यानंतरची पन्नास-साठ वर्षे सनसनाटी घटनांची नाहीत, आणि त्यातच त्यांचे महत्त्व आहे. दुसऱ्या महायुद्धात हलवर भयंकर बाँबवर्षाव झाला. नव्वद हजारांहून अधिक घरांपैकी जेमतेम सहा हजार घरे अबाधित राहिली. वृत्तपत्रांत मात्र शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ‘ईशान्य किनाऱ्यावरील एक शहर’ एवढाच उल्लेख येई. युद्धानंतर मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीयीकरणाचा सपाटा लावला. १९४८ मध्ये नगरांची वीजकेंद्रे राष्ट्रीय मंडळाकडे गेली, हलचेही गेले. टेलिफोन तेवढा राहिला. तो इतका अपवादात्मक होता की त्याला गिळण्यासाठी मुद्दाम कायदा करण्याची तसदी कोणी घेतली नसावी. सरकारी व्यवस्थेत कधी कधी विस्मृती हेही संरक्षण असते.

नगराचे टेलिफोन खाते आपल्या लहानशा राज्यात हौसेने वागत असे. १९५२ च्या नाताळात मुलांनी एक क्रमांक फिरवावा आणि सांताक्लॉजचा आवाज ऐकावा, अशी सोय त्याने केली. आज हे क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरी टेलिफोन केवळ डॉक्टरसाठी किंवा दुःखाच्या बातमीसाठी वाजे, त्या घरातील बालकाच्या कानी त्या काळ्या यंत्रातून नाताळबाबा बोलला, ही गोष्ट त्या घराने विसरली नसेल. १९६४ मध्ये कार लेन या भर पेठेतील रस्त्यावर ‘टेलिफोन हाउस’ ही खात्याची मोठी इमारत उभी राहिली.

पण नागरिकांच्या दृष्टीने खरा फरक बिलात होता. ब्रिटनमध्ये इतरत्र १९५८ पासून क्रमांक फिरवून थेट परगावी बोलण्याची पद्धत सुरू झाली. डिसेंबरच्या ५ तारखेला एलिझाबेथ राणीने ब्रिस्टलहून एडिंबरोच्या नगरप्रमुखाशी बोलून तिचे उद्घाटन केले. या सुधारणेबरोबर एक चिमटाही आला: गावातल्या गावातील संभाषणही घड्याळाने मोजले जाऊ लागले. हलने घड्याळ लावले नाही. स्थानिक संभाषणाला एकदाच अल्पसा ठराविक आकार. मग ते दोन मिनिटे चालो की दोन तास. आजारी आईची विचारपूस करणारी मुलगी, समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या दोघी शेजारणी, यांच्या बोलण्यावर घड्याळाचा पहारा नव्हता. लहान, दाट वस्तीच्या नगरात तारा आखूड आणि यंत्रे जवळ; तेव्हा संभाषण लांबल्याने खात्याला पडणारा भुर्दंडही थोडाच असे. हिशेब स्थानिक, म्हणून दयाही परवडणारी!

या ठराविक आकाराचे मोल काही दशके उलटल्यावर निराळ्याच रीतीने कळले. इंटरनेट प्रथम घरोघर आले ते टेलिफोनच्या तारेवरूनच. मोडेम नावाचे यंत्र संगणकाच्या आकड्यांचे शिटीसारख्या आवाजात रूपांतर करी, आणि एका साध्या स्थानिक टेलिफोन संभाषणाप्रमाणे ते आवाज तारेतून जात. टेलिफोन खात्याच्या दृष्टीने दोन संगणक तासन्तास एकमेकांशी बोलत बसले, इतकाच त्याचा अर्थ. इंग्लंडमधील अन्य शहरांत या संभाषणाचा आकार मिनिटागणिक चढे. त्यामुळे मनुष्य घाईघाईने आपली पत्रे उतरवून घेई आणि संबंध तोडी. हलमध्ये एका संभाषणाच्या पैशात सारी संध्याकाळ जोडलेले राहता येई. घाई नसली म्हणजे मनुष्य नवीन साधनाशी खेळतो, आणि खेळता खेळता शिकतो. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या मच्छीमारांसाठी केलेली सोय त्यांच्या नातवंडांना अशी फळली.

मध्यंतरी देशात वारे बदलले होते. टपाल खात्यापासून वेगळी काढलेली ब्रिटिश टेलिकॉम ही संस्था १९८४ मध्ये भागधारकांना विकण्यात आली. हलच्या महापालिकेने १९८७ मध्ये आपल्या खात्याची किंग्स्टन कम्युनिकेशन्स नावाची कंपनी केली. सर्व भाग महापालिकेकडेच ठेवले. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, हलची सर्व केंद्रे डिजिटल झाली. ब्रिटनमधील पहिले संपूर्ण डिजिटल जाळे या आडबाजूच्या बंदराचे होते. सार्वजनिक मालकी म्हणजे मागासलेपणा, असे त्या दशकात मोठ्या आवाजात सांगितले जात होते. त्या समीकरणात हल बसत नव्हते.

तरीही १९९९ च्या जुलै महिन्यात महापालिकेने कंपनीचा अर्ध्याहून अधिक हिस्सा लंडनच्या शेअरबाजारात विक्रीस काढला. यामागील विचार मूर्खपणाचा होता असे म्हणता येणार नाही. इंटरनेटसाठी प्रचंड भांडवल लागणार, ते महापालिकेने कोठून आणावे? मासेमारी बुडालेली, गोदी ओस पडलेली, पालिकेच्या मालकीची हजारो भाड्याची घरे दुरुस्तीच्या प्रतीक्षेत. आणि तिजोरीत एक सोन्याची कोंबडी. भाग सव्वादोन पौंडांना विकले गेले. हलच्या अनेक सामान्य कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच शेअर घेतला तो आपल्या टेलिफोनचा. त्यानंतर जे झाले ते त्या काळच्या ज्वराला शोभणारे होते. इंटरनेटच्या नावाने बाजार पेटला, भाव कित्येक पटींनी चढला, आणि मार्च २००० मध्ये हल नगराची ही टेलिफोन कंपनी लंडन बाजारातील सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली! लवकरच फुगा फुटला. यादीतील स्थान गेले आणि भाव मूळ सव्वादोन पौंडांच्याही पुष्कळ खाली आला. ज्यांनी वेळीच विकले त्यांनी घरे सजविली. ज्यांनी नगराच्या अभिमानापोटी कागद जपून ठेवले त्यांना अभिमानच उरला.

महापालिकेच्या पदरी पडलेल्या पैशातून पालिकेच्या घरांना दुहेरी काचांच्या खिडक्या बसल्या, शाळांना मदत झाली, आणि सुमारे ४ कोटी ४० लाख पौंड खर्चून एक भव्य क्रीडांगण उभे राहिले. डिसेंबर २००२ मध्ये ते उघडले तेव्हा त्याला टेलिफोन कंपनीचेच नाव देण्यात आले. त्याच सुमारास लेखापरीक्षा आयोगाने महापालिकेच्या एकंदर कारभारावर कडक ताशेरे ओढले. थंडीवाऱ्याच्या देशात गरिबाच्या खिडकीला दुहेरी काच बसणे ही उधळपट्टी खचित नव्हे. मात्र दरवर्षी थोडे थोडे देणारे झाड एकदाच तोडून सरपण केले, हा आक्षेपही खोटा म्हणता येत नाही. २००७ मध्ये महापालिकेने उरलेला हिस्साही विकला.

येथे या कथेतील खरे वळण आहे. सामान्यतः वाद घातला जातो तो सार्वजनिक मालकी विरुद्ध स्पर्धा असा. हलमध्ये मालकी गेली, परंतु स्पर्धा आली नाही. घराघरांत जाणारी तांब्याची तार एकाच कंपनीची होती, आणि नगर लहान असल्यामुळे दुसरे जाळे टाकण्यास कोणी मोठी कंपनी उत्सुक नव्हती. दूरसंचारावर देखरेख करणाऱ्या ऑफकॉम या नियामक संस्थेला आपल्या प्रत्येक अहवालात ‘हल क्षेत्र’ असा वेगळा भाग पाडावा लागे, कारण उरलेल्या देशाचे नियम तेथे लागू पडत नसत. मक्तेदारी १९१४ पासून होती तशीच राहिली. बदलले ते इतकेच की, तक्रार असलेल्या ग्राहकाला पूर्वी आपला नगरसेवक गाठता येई. आता भागधारकांच्या सभेत त्याला स्थान नव्हते.

याचा दाखला २००९ च्या उन्हाळ्यात मिळाला. ‘कारू’ या नावाने चालणाऱ्या कंपनीच्या इंटरनेट सेवेने, ज्या ग्राहकांवर गाणी वा चित्रपट बेकायदा उतरवून घेतल्याचा संशय होता, त्यांची जोडणी पूर्वसूचनेवाचून तोडण्याचे धोरण ठेवले होते. आरोप सिद्ध झालेला नाही, न्यायालयाचा संबंध नाही; हक्कधारकाने बोट दाखविले की तार बंद. अन्यत्र असे झाले असते तर ग्राहक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीकडे गेला असता. हलमध्ये दुसरी कंपनी कोठे होती? वृत्तपत्रांत गवगवा झाला आणि कंपनीने तत्काळ धोरण बदलून आधी लेखी सूचना देण्याचे मान्य केले. प्रकरण मिटले, परंतु मतपेटीही नाही आणि पर्यायही नाही, अशा ठिकाणी ग्राहक किती एकाकी असतो, हे दिसून गेले.

कंपनीला न्याय द्यावयाचा तर तिच्या कर्तबगारीचीही नोंद केली पाहिजे. टेलिफोनच्या तारेवरून दूरचित्रवाणी घरात पोहोचविण्याचा प्रयोग तिने १९९९ मध्येच केला. जगातील अशा पहिल्या काही प्रयोगांत तो मोडतो. काळाच्या पुढे असलेल्या वस्तूंचे जे होते ते त्याचे झाले आणि २००६ मध्ये तो गुंडाळला गेला. परंतु पुढचे पाऊल अचूक पडले. तांब्याच्या तारेचा एक जन्मदोष असा की, केंद्रापासून घर जितके दूर तितका संदेश क्षीण होतो. काचेच्या केसाएवढ्या तंतूतून प्रकाशाच्या झोताने संदेश पाठविला तर हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. देशातील इतर भागांत खर्च वाचविण्यासाठी रस्त्यावरील पेटीपर्यंत काचतंतू आणि तेथून घरापर्यंत जुनीच तार, अशी तडजोड करण्यात आली. हलच्या कंपनीने तडजोड न करता थेट घरापर्यंत काचतंतू नेण्याचे ठरविले. सुमारे साडेआठ कोटी पौंड खर्च झाले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये काम पुरे झाल्याचे जाहीर झाले. सुमारे दोन लाख घरे व दुकाने या सोयीच्या कक्षेत आली. असे जाळे पूर्ण करणारे ब्रिटनमधील पहिले शहर हलच ठरले. छोटे, सलग आणि एकाच हाती असलेले जाळे नव्या रूपात आणणे सोपे जाते; १९८९ मध्ये डिजिटल यंत्रांच्या बाबतीत हेच झाले होते. १९१४ च्या त्या नगरसेवकांचा हिस्सा या यशातही आहे.

मात्र हे काम पुरे होण्याच्या दोनच महिने आधी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कंपनी पुन्हा विकली गेली होती. ब्रिटनमधील विद्यापीठ-शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीने प्रथम बोली लावली होती; तिच्यावर मात करून मॅक्वॉरी या मूळच्या ऑस्ट्रेलियन वित्तसंस्थेच्या निधीने ६२ कोटी ७० लाख पौंडांना ती घेतली. लंडनच्या शेअरबाजारातील तिचे नावही पुसले गेले. ट्रिपेट स्ट्रीटच्या स्नानगृहात जन्मलेली संस्था आता जगभर विमानतळ, जलमार्ग आणि वीजवाहिन्या विकत घेणाऱ्या भांडवलाच्या पोतडीतील एक वस्तू झाली.

आणि मग, शंभर वर्षे न आलेली स्पर्धा अखेर आली. काचतंतूच्या धंद्यात पैसा आहे हे हलने सिद्ध करून दाखविल्यावर तीन-चार नव्या कंपन्या नगरात उतरल्या. देशात इतरत्र मुख्य कंपनीने आपले खांब आणि जमिनीखालच्या नळ्या प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने द्याव्यात असे ऑफकॉमचे बंधन आहे. हलचे जाळे त्या बंधनाच्या कक्षेत नव्हते. तेव्हा नव्या कंपन्यांनी आपले स्वतःचे लाकडी खांब रोवण्यास आरंभ केला. ज्या गल्ल्यांतील तारा पूर्वीच जमिनीखाली गेल्या होत्या, तेथे घरासमोर एके सकाळी नवा उंच खांब उभा दिसू लागला. कोठे कोठे एका कंपनीच्या खांबाजवळ दुसरीचा. हल आणि लगतच्या गावांतील रहिवाशांनी सभा भरविल्या, फलक धरले, कामगारांच्या वाटेत उभे राहिले. दर कमी व्हावेत, निवड मिळावी, हे त्यांनाही हवेच होते. त्यासाठी अंगणासमोर खांब हवा असे मात्र त्यांना वाटत नव्हते. १८९९ च्या कायद्यापूर्वी नगरांनी नॅशनल कंपनीविरुद्ध जी गाऱ्हाणी मांडली होती, त्यांतील बरीचशी येथे जशीच्या तशी ऐकू आली.

ही गाऱ्हाणी घेऊन रहिवासी साहजिकच महापालिकेकडे गेले. तेथे त्यांना कळले की, पंधरा मीटरपर्यंतच्या खांबासाठी कंपनीला बांधकामाची परवानगी मागावीच लागत नाही. अठ्ठावीस दिवस आधी सूचना दिली की पुरे. महापालिका आपले म्हणणे कळवू शकते. खांब नाकारण्याचा अधिकार तिला नाही.